आपण मूळचे कुठले? या प्रश्नाचा पाठलाग करत इरावती कर्वे बर्लिनपासून पंढरपूरच्या वाटेपर्यंत गेल्या

एका छोट्या नळीत थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं, पाकीट कुरिअरने लॅबला पाठवायचं आणि काही आठवडे वाट बघायची. मग मोबाईलवर एक रंगीत नकाशा येतो. तुम्ही इतके टक्के इथले, तितके टक्के तिथले. परदेशात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत ही डीएनए किट पोहोचली आहेत आणि भारतातही अशा चाचण्या विकणाऱ्या कंपन्या आहेत. लोक आपल्या नकाशाचे स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि मग आपण खरे कोण, यावर रात्रभर चर्चा रंगते.

तशी ही उत्सुकता आपल्याला नवीन नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग मूळ गाव आणि गप्पा रंगल्याच तर कुलदैवत. चार प्रश्नांत समोरच्याची अख्खी कुंडली मांडायची, ही आपली देशी टेस्ट.

पण एका मराठी बाईने हाच प्रश्न हातात मोजमापाची अवजारं घेऊन विचारला. त्यासाठी ती जर्मनीत गेली, तिथल्या सगळ्यात वजनदार प्राध्यापकाच्या हाताखाली शिकली आणि त्याचाच सिद्धांत खोटा ठरवणारे आकडे त्याच्या टेबलावर ठेवून आली. पुढची चाळीस वर्षं ती भारतभर फिरून लोकांची डोकी मोजत राहिली, नाती लिहून घेत राहिली.

त्यांचं नाव इरावती कर्वे. बऱ्याच जणांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत असतात. ही गोष्ट त्यांच्यातल्या मानववंशशास्त्रज्ञाची.

ब्रह्मदेशातल्या नदीचं नाव

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंगयान गावातला. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. गाव इरावती नदीच्या काठचं, म्हणून मुलीचं नाव इरावती. आडनाव कोकणातलं, भाषा मराठी आणि नाव ब्रह्मदेशातल्या नदीचं. आपण मूळचे कुठले, हा प्रश्न त्यांच्या नावातच बसलेला होता, असं म्हणायला हरकत नाही.

सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला पाठवलं गेलं. शाळा होती हुजूरपागा. तिथे शकुंतला परांजपे ही मुलगी त्यांची मैत्रीण झाली. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजमध्ये गणितात पहिले आलेले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि देवधर्म न मानणारे म्हणून अख्ख्या पुण्याला माहीत असलेले. परांजप्यांनी इरावतीला घरच्या मुलीसारखं ठेवून घेतलं.

म्हणजे या मुलीचं एक घर ब्रह्मदेशात होतं आणि दुसरं पुण्यात. दुसऱ्या घराशी रक्ताचं कसलंच नातं नव्हतं, पण वाचनाची, वाद घालण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय लागली ती तिथेच.

पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली त्या बी. ए. झाल्या. लग्न झालं दिनकर धोंडो कर्व्यांशी. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. विधवांचं शिक्षण, महिला विद्यापीठ हे सगळं ज्यांनी उभं केलं, ते महर्षी आता इरावतीबाईंचे सासरे होते.

सुरुवात स्वतःच्याच घरापासून

दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि इरावतीबाई मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. घुर्ये म्हणजे भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक नाव. तिथे इरावतीबाईंनी अभ्यासाला विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा. म्हणजे स्वतःच्याच जातीचा.

या विषयाभोवती कथांचा मोठा पसारा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाला दिसली, त्याने ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली आणि त्यांच्यापासून चित्पावन झाले, अशी एक पुराणकथा. गोरा रंग आणि घारे डोळे बघून मग कुणी त्यांना इराणातून आणतं, कुणी ग्रीसमधून, कुणी आणखी कुठून. गंमत म्हणजे त्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली लोकांचीही अलिबागजवळ गलबत फुटल्याची आणि त्यातून सात जोडपी वाचल्याची कथा आहे.

आजही एखाद्याच्या डीएनए रिपोर्टमध्ये चार-पाच टक्के परदेशी दिसले की लगेच जुनी दंतकथा खरी ठरल्याचा आनंद होतो. शंभर वर्षांपूर्वी इरावतीबाईंच्या समोर हाच मोह होता. त्यांनी कथेला कथा म्हणून वेगळं तपासलं आणि लोकांच्या शरीराचा अभ्यास वेगळा केला. १९२८ साली त्यांचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झालं आणि वेध लागले ते जर्मनीचे.

पण हा प्रवास सोपा नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या महर्षींनाच सुनेने परदेशी शिकायला जावं हे पटलं नव्हतं. दिनकरराव मात्र ठाम राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते आणि बायकोनेही जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पैशांची सोय झाली ती डॉ. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. हेच जीवराज मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बोटीने निघाल्या.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

बर्लिनमध्ये त्या दाखल झाल्या ती संस्था होती कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि युजेनिक्स, म्हणजे माणसांची पैदास सुधारण्याचं तथाकथित शास्त्र, असे तिचे विषय. संस्था १९२७ साली सुरू झालेली, म्हणजे अगदी नवी. संचालक होते प्रा. ऑयगेन फिशर. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

फिशर कोण होते हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढच्या गोष्टीचं वजन कळणार नाही. १९०८ साली ते आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत गेले. तिथे युरोपियन पुरुष आणि स्थानिक आफ्रिकी स्त्रियांच्या वंशजांचा त्यांनी अभ्यास केला आणि वंशांची सरमिसळ वाईट, असा निष्कर्ष घेऊन परत आले. आनुवंशिकतेवरचं त्यांनी इतरांसोबत लिहिलेलं पुस्तक हिटलरच्याही वाचनात आलं होतं. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. आणि नंतरच्या काळात ऑशविट्झच्या छळछावणीतून योसेफ मेंगेले मानवी अवयवांचे नमुने पाठवायचा, ते याच संस्थेला.

इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा हे सगळं अजून पुढे घडायचं होतं. पण विचारांचं बी तिथे पडलेलं होतंच.

फिशरनी त्यांना दिलेला विषय असा होता. माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून तंतोतंत सारखी नसते. थोडा फरक असतो. फिशर यांचा अंदाज असा की गोऱ्या युरोपियन लोकांच्या कवटीत हा फरक जास्त असणार, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंचं काम एवढंच की कवट्या मोजायच्या आणि हा अंदाज आकड्यांत बसवून दाखवायचा.

संस्थेत कवट्यांची कमी नव्हती. युरोपातल्या होत्या, तशा वसाहतींमधून जमा करून आणलेल्याही होत्या. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. प्रत्येक कवटीची डावी बाजू, उजवी बाजू, मिलिमीटरच्या हिशेबाने.

आकडे काय सांगत होते? फरक सगळ्यांच्याच कवट्यांत होता. वंशाचा आणि त्या फरकाचा काही संबंध दिसत नव्हता. युरोपियन कवटी यात कुठेही वेगळी निघत नव्हती.

आता विचार करा. वय तेवीस-चोवीस. देश गुलामीत, शिक्षण कर्जावर. भाषा परकी. पदवी देणारा माणूस तोच, ज्याचा अंदाज चुकलाय. आकड्यांची थोडी इकडेतिकडे मांडणी केली असती तर कुणाला कळलंही नसतं.

इरावतीबाईंनी आलं ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या चरित्रकारांच्या मते फिशरनी त्यांना गुण कमीच दिले. पण डॉक्टरेट मिळाली. दोन वर्षांत हे काम संपवून त्या भारतात परतल्या.

कॅलिपर घेऊन गावोगाव

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून काम केलं. पण त्यांचा जीव रमला तो १९३९ पासून, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. तिथे त्या समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या विभागात आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

पुण्याने त्यांच्याबद्दलच्या गोष्टी भरपूर जपल्यात. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. त्या मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत आणि नवऱ्याला चारचौघांत ‘दिनू’ म्हणत. त्या काळात घरातली बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती फक्त उखाण्यात. जाई निंबकर, आनंद कर्वे आणि गौरी देशपांडे ही त्यांची तीन मुलं. त्यातल्या गौरी देशपांडे मराठी वाचकांना वेगळ्या सांगायला नकोत.

काम मात्र स्कूटरच्या पल्ल्याबाहेरचं होतं. महाराष्ट्र, कर्नाटक, ओडिशा, गुजरात असा त्यांचा प्रवास चालायचा. सोबत कॅलिपर, म्हणजे डोक्याची लांबी-रुंदी मोजायचं चिमट्यासारखं अवजार. उंची, नाक, कपाळ, चेहरा, सगळ्याची नोंद. गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं आणि मध्याश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे सापडले, तेव्हा त्या हाडांचा अभ्यास करणाऱ्यांतही इरावतीबाई होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचा दावा त्यांनी मोडला, पण मोजमापाचं तंत्र त्यांनी सोडलं नाही. डोक्याच्या आकारावरून माणसांचे गट ठरतात, हा त्या काळच्या शास्त्राचा विश्वास त्यांच्याकडेही बराच काळ होता. आज ती पद्धत मागे पडली आहे. डोक्याच्या मापावर खाण्यापिण्याचा आणि परिस्थितीचाही परिणाम होतो हे आपल्याला माहीत आहे. या मुद्द्यावर नंतरच्या अभ्यासकांनी इरावतीबाईंवर टीकाही केली आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

मग त्या मोजमापातून उरलं काय? एक फार महत्त्वाचा प्रश्न.

एक नाव, पण माणसं किती?

घुर्ये सरांचं म्हणणं साधारण असं होतं की जाती एका मोठ्या गटाचे तुकडे पडत पडत तयार झाल्या. म्हणजे आधी एक ब्राह्मण समाज, मग त्याच्या फांद्या. इरावतीबाईंना ते पटेना.

त्यांनी उदाहरण घेतलं कुंभारांचं. बाहेरच्याला कुंभार म्हणजे एक जात वाटते. पण जवळ जाऊन बघितलं तर महाराष्ट्रात कुंभारांचे वेगवेगळे गट आहेत. त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. कुणाचं चाक मोठं, कुणाचं छोटं, घडवायची रीतही वेगळी. धंदा एक म्हणून नाव एक पडलं, एवढंच. आतले गट मुळात वेगळे असू शकतात.

इरावतीबाईंचं म्हणणं असं की खरा घटक आहे तो लग्न ज्याच्या आत होतं तो गट, म्हणजे जात. अशा वेगवेगळ्या जाती एका धंद्याच्या किंवा दर्जाच्या नावाखाली गोळा होतात आणि आपण त्या गोळ्यालाच एक समाज समजतो. हा विचार त्यांनी १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी पुस्तकात मांडला.

१९६८ साली त्यांनी आणि के. सी. मल्होत्रांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची शारीरिक तुलना छापली. सामाजिक दर्जा सारखा, नाव सारखं. पण शरीराच्या मोजमापात त्या सगळ्या एकाच मुळाच्या फांद्या आहेत असं काही दिसत नव्हतं.

याचा अर्थ लक्षात घ्या. स्वतः ब्राह्मण घरात जन्मलेली बाई, सासरचं आणि माहेरचं आडनाव दोन्ही चित्पावन, आणि ती सांगतेय की सगळे ब्राह्मण एका रक्ताचे हे गृहीत धरू नका.

पुढे डीएनए वाचायचं तंत्र आलं. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या अनेक समाजांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ साली त्याच धाग्यावरचा आणखी एक अभ्यास आला. त्यांचं सार असं: भारतातल्या जवळपास सगळ्याच समाजांत किमान दोन प्राचीन लोकसमूहांचं मिश्रण आहे, प्रमाण फक्त कमी-जास्त. हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात झालं. त्यानंतर ते थांबत गेलं, कारण लोक आपापल्या गटातच लग्न करू लागले.

इरावतीबाईंच्या तर्काशी हे ताडून बघितलं तर अर्धा तर्क टिकतो. जातीच्या आतच लग्न करण्याची रीत इतकी कडक होती की तिच्या खुणा जनुकांत राहिल्या, हे खरं निघालं. पण त्या आधी हजारो वर्षं सगळे सगळ्यांत मिसळत होते, हेही निघालं. म्हणजे कुठलाच गट सुरुवातीपासून वेगळा आणि शुद्ध नाही. जातीची भिंत खरी आहे, पण ती नंतर बांधलेली आहे.

‘आत्याबाई’ या शब्दात काय दडलंय?

रक्त आणि हाडं यांच्याइतकाच, किंबहुना जास्तच, भरवसा इरावतीबाईंनी शब्दांवर ठेवला. १९५३ साली त्यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हे पुस्तक आलं. भारतातली नातेव्यवस्था समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक आजही या पुस्तकापर्यंत येतात.

त्यांनी देशाचे चार पट्टे पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी द्यायची ती परक्या गावात, नात्याबाहेर. दक्षिणेत उलट, मामाच्या किंवा आत्याच्या घरात, काही समाजांत तर भाचीचं लग्न थेट मामाशी. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्हीकडच्या रीती एकमेकींत मिसळतात. म्हणून आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, पण चुलत बहीण अजिबात नाही.

आणि याची खूण आपल्या बोलण्यात आहे. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची. का? कारण मुलाने मामाची मुलगी केली, तर त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. ‘मामंजी’ हाही त्याच कुळातला शब्द. नात्यातली लग्नं घरातून कधीच बंद झाली असतील, पण हाक तशीच राहिली. कुठल्याही लॅबमध्ये न जाता पूर्वजांच्या लग्नांचा पत्ता लागतो तो असा.

या कामासाठी त्यांनी संस्कृत, पाली, अर्धमागधी ग्रंथ चाळले. जिवंत बोलीतले शब्द गोळा केले. घराघरांत जाऊन बायकांशी बोलल्या, कारण कोण कुणाचं कोण लागतं हे घरातल्या बायकांनाच नेमकं माहीत असतं.

युधिष्ठिराचा बाप कोण?

हीच नजर घेऊन त्या महाभारताकडे वळल्या आणि १९६७ साली ‘युगान्त’ आलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या एका लेखात त्या अशी शक्यता मांडतात की युधिष्ठिराचा जन्मदाता विदुर असावा.

आज सोशल मीडियावर कुणी असं लिहिलं तर काय होईल ते सांगायला नको. पण इरावतीबाईंची मांडणी सनसनाटीची नव्हती. नवरा असमर्थ असेल तर दिराकडून मूल होऊ देण्याची नियोगाची रीत महाभारतातच आहे. विदुर हा पंडूचा धाकटा भाऊ. युधिष्ठिर धर्माचा म्हणजे यमाचा पुत्र आणि विदुर त्याच यमाचा अवतार, असं महाभारतच सांगतं. विदुर मरताना युधिष्ठिराच्या शरीरात प्रवेश करतो, हा प्रसंगही तिथेच आहे. हे सगळे पुरावे त्यांनी एका रांगेत ठेवले आणि शक्यता ही शक्यता म्हणूनच वाचकासमोर मांडली.

बापाचं नाव बदललं म्हणून युधिष्ठिराचं माणूसपण कमी होत नाही, हे तो लेख वाचताना आपोआप कळत जातं. डीएनए चाचणीतून ज्यांच्या घरात नको असलेली किंवा न कळलेली नाती बाहेर येतात, त्यांना हा लेख आजही खूप काही देईल.

दिंडीतल्या दोन चुली

इरावतीबाई पंढरपूरच्या वारीलाही गेल्या. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत एका दिंडीत चालल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. दिवसभर सगळे एकाच तालात अभंग म्हणत चालायचे. मुक्कामाला पोचले की स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. दिवसभर एक झालेली माणसं जेवायच्या वेळी दोन होत होती आणि ते त्यांना लागलं.

महाराष्ट्र म्हणजे काय, मराठी माणूस कुणाला म्हणायचं, या प्रश्नावर त्या सतत विचार करत होत्या. आयुष्यभर माणसं मोजलेल्या या बाईला त्याचं उत्तर पंढरपूरच्या वाटेवर दिसलं. जिथली माणसं विठ्ठलाकडे चालत जातात तो आपला मुलूख, असं त्यांना जाणवलं. म्हणजे मराठीपणाची खूण रक्तात न सापडता सोबत चालण्यात सापडली. पण सोबत चालणाऱ्यांच्या चुली मात्र वेगळ्या, हेही त्यांनी झाकलं नाही.

कोयना धरणाने लोक उठले, तेव्हा जाई निंबकरांसोबत त्यांनी त्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. मूळ गाव कुठलं या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या बाबतीत धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, त्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्यांना नोंदवून ठेवायचं होतं.

११ ऑगस्ट १९७० च्या रात्री झोपेतच त्यांचं निधन झालं. वय होतं ६४.

मग ती नळी मागवायची की नाही?

मागवायची तर मागवा, पण काय मिळणार हे आधी माहीत असू द्या.

पहिली गोष्ट, ते टक्के म्हणजे जन्मदाखला नाही. कंपनीकडे आज जिवंत असलेल्या लोकांच्या डीएनएचा साठा असतो आणि तुमचा नमुना त्याच्याशी ताडून बघितला जातो. साठा बदलला की तुमचे टक्केही बदलतात. थुंकी तीच, नकाशा नवा.

दुसरी गोष्ट, सगळे पूर्वज डीएनएमध्ये दिसत नाहीत. प्रत्येक पिढीत आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा डीएनए येतो, बाकीचा मागे राहतो. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो. ते तुमचेच पूर्वज, पण चाचणीला ते कधीच सापडणार नाहीत.

तिसरी गोष्ट, तुम्ही थुंकता ते एकट्याचं नसतं. त्यात भावंडांची, मुलांची, चुलत्यांची माहिती असते. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या अमेरिकन कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

आणि शेवटची गोष्ट इरावतीबाईंच्या आयुष्यातून घेण्यासारखी. मूळ शोधण्यात काहीच वाईट नाही. त्यांनी जन्मभर तेच केलं. अडचण तेव्हा होते, जेव्हा माणूस उत्तर आधी ठरवतो आणि पुरावा नंतर शोधतो. फिशर तेच करत होते. घाऱ्या डोळ्यांवरून थेट परदेशी पूर्वज गाठणारेही तेच करतात. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये आलेला आकडा न बदलता लिहिला आणि पुण्यात आपल्याच जातीबद्दलचा निष्कर्षही तसाच लिहिला.

किटसाठी पैसे घालवण्याआधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. घरात आजी असेल, पणजी असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिचं माहेरचं गाव कुठलं, ती सासूला काय हाक मारायची, कुणाची सोयरीक कुठे झाली आणि कुणाची का मोडली, ते लिहून घ्या. डीएनए आणखी काही वर्षांनीही तपासता येईल. आजीच्या आठवणी मात्र तिच्याबरोबरच जातात.